खरात सरांचा पूर्वपक्ष

खरात सरांच्या शोकसभेत दोन भाषणं झाली आणि दोन्ही ऐकताना माझं डोकं फिरलं. पहिल्या वक्त्यांनी सांगितलं की सरांनी देव या कल्पनेवर आयुष्यभर घणाघात केला. दुसरे वक्ते सरांचे कराडजवळच्या मलकापूरचे शेजारी. ते गहिवरून म्हणाले, शेवटी शेवटी सर बदलले होते, दर गुरुवारी एसटीनं सांगलीला जाऊन एका शास्त्रीबुवांपाशी देवाविषयी बोलत बसायचे, घरीसुद्धा 'देव हाय, देव हाय' म्हणताना आपण कानांनी ऐकलंय, माणूस अखेर त्याच्याकडे वळतोच. सभागृहात बऱ्याच माना डोलल्या. पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी शांताताई ताठ बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून गर्दीत मला शोधलं आणि नुसतं बघितलं. 'मॅडम, आता तुमी बोला,' एवढाच त्या बघण्याचा अर्थ होता.

मी त्या दिवशी बोलले नाही. शोकसभेत भांडण बरं दिसत नाही, आणि मी तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं. पण सर आणि शास्त्रीबुवा यांच्या वादात मी कितीतरी वर्षं मध्यस्थ होते. सर देव मानत होते की नव्हते, याचा निकाल द्यायचाच असेल तर तो मी देणार. शेजाऱ्यांनी कंपाउंडवरून ऐकून तो देऊ नये.

कराडच्या आमच्या कॉलेजात सर तत्त्वज्ञान शिकवायचे. मूळचे कवठे महांकाळकडचे, कोरडवाहू शिवारातले. अंगानं काटक, केस बारीक कापलेले, शर्टाची गळ्याजवळची गुंडी कायम लावलेली. वर्गात बोलायचे ते शुद्ध, छापल्यासारखं. पण वादाला रंग चढला की गावची बोली आपोआप वर यायची आणि 'आहे'चं 'हाय' होऊन जायचं. खांद्याला फौजेतल्या भावानं दिलेली हिरवी पिशवी. तिच्यात पाण्याची बाटली, भडंगाची पुडी, एक मातीचं बोळकं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं वारुळाचं ढेकूळ असायचं.

बोळकं शास्त्रीबुवांच्या बाजूचं, ढेकूळ सरांच्या बाजूचं. शास्त्रीबुवा म्हणजे आमच्याच कॉलेजातले संस्कृतचे करंबेळकर. गोरे, गुबगुबीत, हसरे. गुरुवारचा उपास कडक आणि त्यामुळे गुरुवारी डब्यात साबुदाण्याची खिचडी भरपूर. दोघांचा गुरुवारचा शेवटचा तास रिकामा असायचा. ग्रंथालयामागच्या ओट्यावर दोघं बसायचे आणि एकाच प्रश्नावर भांडायचे. हे जग करणारा कुणी आहे का? वाद त्यांचा नव्हता, फार जुना होता. एका बाजूला न्यायशास्त्राचे पंडित, दुसऱ्या बाजूला बौद्ध आचार्य. शतकानुशतकं त्यांनी एकमेकांचे ग्रंथ वाचून एकमेकांना उत्तरं लिहिली. या दोघांनी तो धागा तिथूनच उचलला होता.

शास्त्रीबुवा बोळकं वर धरायचे. "हे बघितलं की कुंभार आहे हे कळतं ना? कुंभार समोर नसताना कळतं. मग डोंगर, झाड, माणूस, हेही घडलेलंच आहे. त्यालाही घडवणारा असला पाहिजे."

सर ढेकूळ पुढं करायचे. "ही पण मातीच. आकार हाय, आत खोल्या हायत. कुंभार कुठं हाय? आवं शास्त्री, मडकं बघून कुंभार कळतो, कारण कुंभाराला मडकं करताना आपण पाहिलंय. डोंगर करताना कुणाला पाहिलंय तुमी?"

"वाळवीला हे करायला कुणी शिकवलं?"

"बी हाय, ओल हाय, ऊन हाय. कोंब येतो. कारणं जुळली की पुरं."

"आणि ती जुळवतो कोण? कुऱ्हाड आपण होऊन लाकूड फोडते काय, खरात?"

ग्रंथपाल येऊन कुलूप दाखवेपर्यंत हे चालायचं. एकदा मी सरांना विचारलं, शास्त्रीबुवांचं बोळकं तुम्ही का वाहता? सर म्हणाले, "त्यांच्यावर सोडलं तर ते चिरलेलं आणतील. त्यांची बाजू मजबूत पायजे, मॅडम. चिरलेलं मडकं फोडून मला काय मिळणार?"

या वादाला दोन नियम होते आणि दोन्ही जुन्या ग्रंथांतले. पहिला असा, की समोरच्याचं मत खोडायचं असेल तर आधी तेच मत आपल्या तोंडानं मांडायचं, आणि त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं. याला पूर्वपक्ष म्हणतात. समोरचा 'हो, हेच माझं म्हणणं' असं म्हणाला, की मगच आपलं उत्तर. तो 'नाही' म्हणाला, तर परत पहिल्यापासून. दुसरा नियम सोपा. जो गप्प बसला तो हरला.

पूर्वपक्ष नीट मांडला गेला की नाही हे बघायला तिसरा माणूस लागतो, तो मध्यस्थ. तिथं मोठी पंचाईत झाली. ओळखीचे घड्याळजी अत्तारभाई बसायला तयार होते, पण ते मुसलमान, एकच कर्ता मानणारे, म्हणून सरांनी त्यांना बाद केलं. मी जैन, सांगलीजवळच्या शेतकऱ्याच्या घरची. आमच्याकडे जग कुणी केलेलं नाही, ते आहेच. म्हणून शास्त्रीबुवांनी मला बाद केलं. पुढं बरेच दिवस कुणीच मिळेना. मग सर म्हणाले, "शास्त्री, मॅडम कॉमर्सच्या हायत. ह्यांना ह्या प्रश्नाचं सोयरसुतक न्हाई. फक्त लबाडी कुठं झाली ते ह्यांना बरोबर दिसतं." शास्त्रीबुवांना ते पटलं. मला राग आला होता, पण खिचडी चांगली होती, म्हणून मी बसले. आणि मग उठवेना.

सरांनी हा नियम घरीही लावला होता. शांताताईंना एकदा लोणंदला बहिणीच्या मुलीच्या लग्नाला चार दिवस आधी जायचं होतं आणि सरांना ते नको होतं. सर म्हणाले, आधी माझी बाजू मांड. शांताताईंनी कणीक मळता मळता मांडली. "तुमाला गर्दी आवडत न्हाई. माझ्या भावाबरोबर तुमचं पटत न्हाई. आणि मी गेले की तुमाला सकाळचा चा मिळत न्हाई. हीच बाजू न्हवं?"

"व्हय," सर म्हणाले.

"मग झालं तर," म्हणून शांताताईंनी बॅग भरायला घेतली. उत्तर त्यांनी दिलंच नाही. हा किस्सा सर स्वतः सांगायचे आणि शांताताईंचा पूर्वपक्ष आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस होता असं म्हणायचे.

हा माणूस या प्रश्नापाशी आला कसा, ते त्यांनी मला आगाशिवच्या डोंगरावर सांगितलं. वर्षातून एकदा, थंडीत, आम्ही तिघं तिथं जायचो. मलकापूरच्या माथ्यावर तो डोंगर, अंगावर बौद्ध लेणी आणि वर महादेव. लेण्यापाशी सर बसायचे, शास्त्रीबुवा वर दर्शन घेऊन खाली यायचे, आणि मधल्या वाटेवर वाद व्हायचा. त्या दिवशी शास्त्रीबुवा वर गेलेले असताना सर म्हणाले, मी लहान असताना आईनं घरातले देव फडक्यात बांधून ओढ्यात सोडले. आम्ही बौद्ध झालो होतो. परत आली तेव्हा मी विचारलं, आई, देव कुठं गेला? ती म्हणाली, "व्हता कवा?" आणि भाकरी थापायला बसली.

"लय आवडलं मला ते," सर म्हणाले. "पण पुढं कितीतरी दिवस, सकाळी उठली की तिचा हात कोनाड्याकडं जायचा आणि मधीच थांबायचा. मी बघायचो. जे नव्हतंच, त्याच्याकडं हात कसा जातो, मॅडम? तवापासून मी त्याच्या मागं हाय."

त्याच डोंगराच्या पायथ्याशी सरांची एकदा भलतीच फजिती झाली. एसटीत पिशवी चेंगरून ढेकळाचा भुगा झाला होता. गुरुवार तोंडावर आलेला. सर आम्हा दोघांना घेऊन पायथ्याच्या एका वस्तीवर गेले आणि बांधावरच्या वारुळाचा कोपरा काठीनं उचकटायला लागले. नागपंचमी नुकतीच होऊन गेलेली, वारुळावर हळदकुंकू अजून ताजं. पाच-सहा बायका ओरडत आल्या. "आवं मास्तर, डोळं फुटलं का? आमचा देव हाय त्यो!" सरांनी काठी टाकली, पण ढेकूळ सोडलं नाही. शास्त्रीबुवा मागून धापा टाकत आले, त्यांच्या मागून मी. शास्त्रीबुवांचं जानवं, टिळा बघून बायका जरा थंडावल्या. ते हात जोडून म्हणाले, "माय, चुकलं. पण हे देवाच्याच कामासाठी नेतोय."

बायकांचा राग निवळला. एकीनं तर पदर सावरून नमस्कारही केला. इथं कुणीही शहाणा माणूस गप्प राहिला असता. सर म्हणाले, "न्हाई बाई, खोटं कशाला सांगू? देव न्हाई, हे दाखवायला नेतोय."

आम्ही तिघंही ओढा ओलांडेपर्यंत पळालो. शास्त्रीबुवांची चप्पल चिखलात राहिली. पलीकडे बसून धाप जिरल्यावर ते म्हणाले, "खरात, मी तुम्हाला वाचवत होतो!" सर ढेकूळ छातीशी धरून म्हणाले, "वाचवत व्हता, पण पूर्वपक्ष चुकीचा मांडत व्हता." त्यावर शास्त्रीबुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला. ती चप्पल सरांनीच दुसऱ्या दिवशी जाऊन आणली आणि बायकांची माफीही मागून आले. ढेकूळ मात्र परत केलं नाही.

या नियमापायी सरांनी पुष्कळ सोसलं, तेही सांगायला हवं. सगळंच हसण्यावारी नव्हतं. एका पौर्णिमेला विहारात कार्यक्रम होता, सर अध्यक्ष. विशाल नावाचा एक तरुण बोलायला उभा राहिला. बोलणं धारदार, टाळ्या भरपूर. देव मानणारे सगळे मूर्ख, असा सूर. सर मध्येच म्हणाले, "विशाल, गड्या, आधी त्यांची बाजू मांड."

"त्यांना बाजूच नाही, सर."

"मग तू भांडतोयस कुणाशी रं?"

विशाल गोंधळला. मग सर स्वतः उठले आणि विहारात उभं राहून देवाची बाजू मांडायला लागले. बोळकं, कुऱ्हाड, सगळं. मी मागं बसले होते. शास्त्रीबुवांनी ती बाजू इतकी चांगली कधी मांडली नव्हती. लोक चुळबुळायला लागले. कुणीतरी 'फितूर' म्हणालं. एक म्हातारे गृहस्थ उठले. "सर, आमच्या बापांनी, आज्यांनी देव सोडताना काय सोसलं, तुमाला ठावं न्हाई का?"

सर त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "ठावं हाय, बाबा. माझ्या आईनं सोडला. म्हणून तर बोलतोय. तिनं लय मोठं वजन खाली ठेवलं. ते वजन हलकं व्हतं, असं मी कुणाला म्हणू देणार न्हाई. पोरांनी त्याला येडेपणा म्हणलं, तर तिनं काय सोडलं मग?"

त्यानंतर त्यांनी बौद्ध आचार्यांचं उत्तर दिलं, एकेक मुद्दा खोडत, पण तोवर बरीच माणसं निघून गेली होती. पुढं दोन-तीन वर्षं सरांना कुणी अध्यक्ष केलं नाही. शास्त्रीबुवांचंही तसंच. त्यांनी प्रवचनात बौद्धांची बाजू प्रामाणिकपणे मांडली, तेव्हा देवळाच्या मंडळींनी पुढच्या वर्षी दुसरा प्रवचनकार आणला. दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही. गुरुवार तेवढे चुकले नाहीत.

निवृत्तीनंतर वाद सरांच्या मलकापूरच्या व्हरांड्यात आला. तिथंच एका गुरुवारी निरोप आला की शास्त्रीबुवांना पक्षाघाताचा झटका आला. दवाखान्यातून त्यांची मुलगी मेधा त्यांना सांगलीला आपल्या घरी घेऊन गेली. आम्ही दोघं भेटायला गेलो. शास्त्रीबुवा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. निम्मे झाले होते. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला, ओठ एका बाजूला ओढलेला. सरांना बघून त्यांचे डोळे चमकले, तोंड हललं, आणि शब्द आला, "नाही."

मेधानं डोळे पुसले. "काका, बाबांना सगळं कळतं. पण हा एकच शब्द उरलाय. चहा हवा का विचारलं तरी नाही, आणि कप पुढे केला की पितात. डॉक्टर म्हणतात, त्या शब्दाला काही अर्थ नाही, दुसरा फुटत नाही म्हणून तो येतो."

खोलीत त्यांचे कुणी नातेवाईक बसले होते. त्यांना सरांचा आणि शास्त्रीबुवांचा वाद माहीत होता. ते हसत म्हणाले, "काय सर, जिंकलात की! देव आहे का विचारा, बुवा आता स्वतःच नाही म्हणतात."

सरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "असं जिंकायला मी काय चोर हाय?" एवढंच ते म्हणाले आणि त्या माणसाकडे पाठ करून बसले. शास्त्रीबुवांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यांनाही तो विनोद कळला होता.

सांगलीच्या स्टँडवर सरांनी पिशवी बाकावर ठेवली. मग म्हणाले, "जो गप बसला तो हरला. आता उद्यापासून लोक म्हणणार, शास्त्री गप झाले, खरात जिंकला. ते मी होऊ देणार न्हाई."

"पण सर, ते बोलणार कसे?"

"बोलतायत की. नाही म्हणतायत. आपला नियम काय हाय, मॅडम? समोरचा नाही म्हणाला, तर?"

"तर पूर्वपक्ष परत पहिल्यापासून."

"मग झालं. त्यांची बाजू मी मांडणार. ते नाही म्हणतील, मी परत मांडणार. ते हो म्हणेपर्यंत मला माझं उत्तर द्यायचा अधिकार न्हाई. आणि मी उत्तर दिलं न्हाई, तवर ते हरले न्हाईत." बस लागली तेव्हा त्यांनी पिशवी खांद्यावर घेतली आणि चढता चढता म्हणाले, "समोर कुणी नसताना देव न्हाई म्हणायला काय लागतं? त्यो नुसता आवाज. मला माझा माणूस समोर पायजे."

तेव्हापासून दर गुरुवारी सर सांगलीला. मी सुट्टी मिळेल तेव्हा बरोबर. सर खुर्ची ओढून समोर बसायचे, बोळकं टेबलावर ठेवायचे आणि जगाला कर्ता आहे हे मांडायला लागायचे. ढेकूळ पिशवीतच. शास्त्रीबुवा लक्ष देऊन ऐकायचे, भुवया वर-खाली करायचे आणि शेवटी म्हणायचे, "नाही."

"बरं. कुठं चुकलं?" सर विचारायचे, आणि परत पहिल्यापासून. कुंभाराचा मुद्दा झाला, कुऱ्हाडीचा झाला. पाप-पुण्याचं फळ ज्याचं त्याला पोचवणारा कुणीतरी हवा, हा झाला. शब्दांचा अर्थ माणसाला पहिल्यांदा कुणी शिकवला, हा झाला. नाही, नाही, नाही. डॉक्टर सांगून चुकले होते की त्या नाहीला काही अर्थ नाही. सर म्हणायचे, डॉक्टरांचं खरं असेल, पण मी तो शब्द धरून चाललोय. घरी येऊन ते जुने ग्रंथ परत काढायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, छातीत अधूनमधून दुखायचं, प्रवास नको असं सांगितलेलं. गुरुवार आला की सगळं रद्द. व्हरांड्यात येरझाऱ्या घालत पुढच्या खेपेचा पूर्वपक्ष ते मोठ्यानं घोकायचे. शांताताई मला म्हणाल्या, "बौद्ध माणूस दिवसभर देव हाय, देव हाय करत फिरतोय. शेजाऱ्यांला काय वाटत असंल?" शेजाऱ्यांना काय वाटलं, ते शोकसभेत कळलंच.

आता शेवटचा गुरुवार. पुढचा यायच्या आधीच सर गेले. व्यायामाच्या बाईंनी शास्त्रीबुवांना उजव्या हातात वस्तू धरायची सवय करा म्हणून सांगितलं होतं. मेधानं टेबलावरचं बोळकंच त्यांच्या हातात दिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. बोटांना बळ कुठलं? बोळकं घसरलं. सरांनी पटकन आपला तळवा त्यांच्या हाताखाली धरला. बोळकं राहिलं. सर कुंभाराविषयी बोलत होते, ते वाक्य अर्धंच सोडून त्या हाताकडे बघत बसले.

"मॅडम," ते म्हणाले, "माझंच चुकत व्हतं. मी कायम घडवणारा मांडला. का, तर घडवणाऱ्याला उत्तर द्यायला माझ्यापाशी ढेकूळ हाय. मला सोपं पडंल ते मी मांडत आलो."

मग ते शास्त्रीबुवांकडे वळले आणि अगदी सावकाश बोलले. "शास्त्री, तुमचं म्हणणं असं हाय. कुंभार मडकं करतो आणि बाजाराला जातो. पुढं मडक्याला त्याची गरज न्हाई. तुमचा तो तसला न्हाई. त्यानं केलं आणि हात काढून घेतला न्हाई. आत्ता, ह्या घडीला, खालनं त्याचा हात हाय, म्हणून हे सगळं पडत न्हाई. तुमी रोज सकाळी त्याचं नाव घेता, ते त्यानं केलं म्हणून न्हाई. त्यानं धरलंय म्हणून."

आम्ही 'नाही'ची वाट बघत होतो. ते आलं नाही. नेहमीचा शब्द ऐकू आला नाही म्हणून मेधा स्वयंपाकघरातून बाहेर आली. शास्त्रीबुवा सरांकडे बघत होते आणि त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. तो शब्द बाहेर येऊ नये म्हणून त्यांनी सगळं बळ लावलं होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"मॅडम?" सरांनी हलक्या आवाजात विचारलं.

"पूर्वपक्ष मान्य," मी म्हणाले.

मेधाला सगळा नियम ठाऊक होता. ती म्हणाली, "काका, आता उत्तर नका देऊ. आज एवढंच राहू दे."

"न्हाई पोरी. तुझ्या बाबांनी मला कवा सूट दिली न्हाई. मी दिली तर त्यांचा अपमान हाय." सरांनी हात तसाच खाली ठेवला होता. "शास्त्री, धरणारा हाय, हे मला मान्य. हा बघा हात. कोरडवाहू हात हाय, ह्याला घट्टे हायत, घड्याळाचा पट्टा हाय. सकाळच्या एसटीनं आलाय, संध्याकाळच्या एसटीनं जाणार. तो गेला की मेधा धरंल. तिला कुणीतरी धरंल. एकानं सोडलं की दुसऱ्यानं धरायचं, असं चाललंय. त्यात कायमचा, एकच, कधी न थकणारा धरणारा मला तरी कुठं दिसत न्हाई. ह्याचं नाव ईश्वर न्हाई, शास्त्री. ह्याचं नाव खरात."

शास्त्रीबुवांचा ओढलेला ओठ हलायला लागला. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. अंग हलेपर्यंत हसले, मग डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटली, अगदी ग्रंथालयामागच्या ओट्यावर आपटायचे तशी, आणि मोठ्यानं म्हणाले, "नाही!" आणि परत, "नाही, नाही!"

"ऐकलं का मॅडम?" सर ओरडले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते खांद्याला गाल घासत होते. "ऐकलं का? हरले न्हाईत! गप बसले न्हाईत!"

निकाल असा. खरात सर देव मानत नव्हते, त्या गुरुवारीही नव्हते, आणि सरतेशेवटी वळले वगैरे काही नाही. घणाघात मात्र त्यांनी कधीही केला नाही. देवाची बाजू त्यांच्याइतकी मन लावून मांडणारा माणूस मी देवळात पाहिला नाही आणि विहारातही नाही. हे मी मध्यस्थ म्हणून सांगते, आणि यावर अपील नाही.

त्या शेवटच्या गुरुवारी मी माहेरी राहणार होते, म्हणून सरांना कराडच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेले. त्यांना खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर, शर्टाची वरची गुंडी लावलेली, चेहरा दमलेला. गाडी सुरू झाली तेव्हा मी हात हलवला, पण सरांचं लक्ष नव्हतं. ओठ पुटपुटत होते. गाडी वळण घेत असताना एकदम त्यांनी काच सरकवली, डोकं बाहेर काढलं आणि त्या गर्दीत, कंडक्टर ओरडत असताना, मला हाक मारून म्हणाले, "मॅडम, सापडलं! ते म्हणणार, ह्या हातांना कोण धरतं? आवं, लय अवघड हाय हे! लय मजबूत हाय त्यांचं!"

आणि आनंदानं हसत, देवाच्या बाजूचे मुद्दे बोटांवर मोजत, ते निघून गेले.